तीन छेद आठ

त्या मुलीला मी तीनदा मारलं. एकदा हाताने, दोनदा लाकडी पट्टीने. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ज्यांना ज्यांना ही हकिगत सांगावी लागली, त्या सगळ्यांना मी "एक थप्पड मारली" असंच सांगत आलो. पोलिसांना तसंच सांगितलं, मुख्याध्यापिकाबाईंनाही तसंच, बायकोलासुद्धा.

डिचोली तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी पाचवीला गणित शिकवायचो. अजूनही शिकवतो. मूळचा मी दोडामार्गच्या पलीकडचा. नोकरी लागली तसा हद्द ओलांडून इकडे आलो आणि इथलाच झालो. वर्गात तेव्हा बावीस मुलं होती. निम्म्यांचे बाप एकेकाळी खाणीवर कामाला होते. खाणी बंद पडल्यावर कोण पोदेराकडे पाव विकायला लागला, कोण वास्कोला बंदरावर गेला, कोण घरीच बसला. ही मुलगी तिसऱ्या बाकावर बसायची. तिचे वडील आमच्या सिंधुदुर्गातलेच. खाणीचे ट्रक दुरुस्त करायला तरुणपणी आले होते आणि दोडामार्ग रस्त्याला त्यांनी पत्र्याचं गॅरेज टाकलं होतं. एवढीच मला त्या घराची माहिती होती. मुलगी फार बोलायची नाही. तिची नखं कायम काळी असायची आणि त्यावरून मी तिला दोनतीनदा वर्गात बोललोही होतो.

त्या आठवड्यात दशांश अपूर्णांकाचं व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर चाललं होतं. मी ते माझ्या पद्धतीने शिकवायचो. दशांशचिन्हाच्या उजवीकडे किती अंक आहेत ते मोजा. एकावर तेवढी शून्यं द्या आणि तो झाला छेद. चिन्ह पुसून उरलेली संख्या अंशात लिहा. मग दोघांना एकाच संख्येने भाग देत चला, भाग जाईनासा होईपर्यंत. शून्य पूर्णांक तीनशे पंचाहत्तर सहस्रांश म्हणजे तीनशे पंचाहत्तर छेद एक हजार. पाचाने भागा, पंचाहत्तर छेद दोनशे. पुन्हा पाचाने, पंधरा छेद चाळीस. आणखी एकदा, तीन छेद आठ. प्रत्येक पायरी वहीत दिसली पाहिजे हा माझा नियम. नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मी शून्य द्यायचो आणि पट्टीही द्यायचो.

चाचणीच्या आदल्या दिवशी तपासणीला साहेब आले होते. त्यांनी माझ्या वर्गाच्या वह्या चाळल्या आणि बाईंच्या देखत विचारलं की काही मुलांची पायरी एक नाही आणि उत्तर बरोबर, हे कसं, मास्तर शिकवतात की उत्तरं सांगतात. साहेब गेल्यावर बाईंनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी रात्रभर विसरलो नाही. शाळेचा पट दरवर्षी घसरत होता, इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आमच्या दारावरून मुलं उचलून न्यायची, आणि कुठला वर्ग कधी बंद होईल याची धास्ती आम्हा सगळ्यांनाच होती. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या सकाळी वर्गात शिरलो तेव्हा माझ्या डोक्यात काय होतं, तेवढं सांगतोय.

चाचणीत पाच उदाहरणं होती. शून्य पूर्णांक पाच. मग तीनशे पंचाहत्तर सहस्रांश, सहाशे पंचवीस सहस्रांश, आठशे पंचाहत्तर सहस्रांश. शेवटचं अगदी सोपं, चार शतांश. मुलांनी वह्या टेबलावर आणून ठेवल्या आणि मी तिथेच तपासायला बसलो. तिची वही वरून चौथी होती. एक छेद दोन. तीन छेद आठ. पाच छेद आठ. सात छेद आठ. चारही उत्तरं बरोबर, आणि पायरी म्हणून एक आकडा नाही. पाचव्या उदाहरणापुढे पान कोरं.

माझ्या मनाने तिथल्या तिथे निकाल देऊन टाकला. जिला आठशे पंचाहत्तर सहस्रांशाचं उत्तर येतं, तिला चार शतांशाचं येत नाही हे शक्यच नाही. म्हणजे चार उत्तरं कुणाचीतरी बघून घेतली आणि पाचवं बघायला वेळ मिळाला नाही. मी तिला पुढे बोलावलं आणि कुणाचं बघून लिहिलंस म्हणून विचारलं.

"कोणाचाच नाय, सर," ती म्हणाली. "माका येता."

मी पायऱ्या विचारल्या. तिने नुसतं वहीतल्या उत्तरांवर बोट ठेवलं. पाचव्याचं उत्तर विचारलं, तर म्हणाली ते येत नाही. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मी पुन्हा विचारलं, कुणाचं बघितलंस. ती पुन्हा तेच म्हणाली, त्याच आवाजात, माझ्याकडे सरळ बघत. तेव्हा माझा हात सुटला.

उजव्या हाताची थप्पड होती, पसरलेल्या तळव्याची. ती तिच्या डाव्या कानावर बसली. मुलगी टेबलाच्या कडेवर आदळली आणि टेबलावरच्या वह्या खाली घसरल्या. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली असती तर कदाचित मी थांबलो असतो. ती सरळ उभी राहिली, कानाला हात लावला आणि पुन्हा म्हणाली, कोणाचाच नाय. मग मी पट्टी उचलली. तिला हात पुढे करायला सांगितला, बोटं उलटी करायला लावली आणि पट्टीच्या कडेने दोनदा बोटांच्या सांध्यांवर मारलं. दुसऱ्या माराला पट्टी मोडली. तिचा अर्धा तुकडा जनेलापर्यंत, खिडकीच्या गजांपर्यंत उडाला. वर्गात कुणी श्वासही घेत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या शांततेने मला बरं वाटलं.

ती जागेवर जाऊन बसली. थोड्या वेळाने तिच्या शेजारची मुलगी उठून म्हणाली, सर, हिच्या कानातून रक्त येतंय. एकच थेंब होता, हरभऱ्याएवढा. मी माझा रुमाल दिला आणि पुढचं उदाहरण फळ्यावर लिहायला वळलो.

मला स्वतःला असंच शिकवलं होतं. आमच्या गावच्या गुरुजींना निगडीची ओली शिमटी लागायची, आणि ज्याला मार खायचा असेल त्यानेच ती कापून आणायची असा त्यांचा दंडक. पावकी म्हणताना मी एकदा अडखळलो. त्यांनी पोटऱ्यांवर शिमटी ओढली ती मी चड्डीत मुतेपर्यंत. वडिलांनी तर शाळेत घालतानाच गुरुजींना सांगून ठेवलं होतं की पोर तुमचं, हाडं तेवढी शिल्लक ठेवा. पुढे मला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळायला लागले आणि मी मनाशी हिशेब मांडून टाकला की ते त्या शिमटीमुळेच. त्या वर्गातली आणखी सात पोरं शाळा सोडून गेली होती, ती मी हिशेबात कधी धरली नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. मी पाऊण शिकवत होतो, पंचाहत्तर शतांश. फळ्यावर अंश लिहून झाला होता, छेदाची रेघ ओढत होतो. एवढ्यात मुलांचे चेहरे दाराकडे वळले. दारात एक रुंद खांद्यांचा माणूस उभा होता. अंगात तेलकट निळा शर्ट, पायात चपला नाहीत. त्याच्या मागे व्हरांड्यात ती मुलगी, कानात कापसाचा बोळा.

"माज्या चेडवाक मारल्यान तो तूच?" त्याने विचारलं.

मी बाहेर बोलूया म्हणालो. वाक्य पुरं झालं नाही. त्याने माझी मान पकडली आणि तोंड फळ्यावर आपटलं. पहिल्याच दणक्याला नाक मोडलं. आवाज मला आतून ऐकू आला, वाळकी काटकी मोडते तसा. मग त्याने मला फिरवलं आणि बुक्क्या मारायला सुरुवात केली, तोंडावर, बरगडीवर, पोटात. मी खाली पडलो तर त्याने टेबलाजवळची माझी बसायची कदेल उचलून माझ्या पाठीत घातली. तो ओरडत नव्हता. दात आवळून, एखादं काम उरकावं तसा मारत होता. मुलं किंचाळत भिंतीला चिकटली होती. एक मुलगा ओकला. मला जमिनीवरून फक्त पाय दिसत होते, आणि दारात तिचे पाय, हलत नसलेले.

शाळेचा शिपाई आणि बाई धावत आले. दोघांनी मिळून त्याला मागे ओढलं. बाईंनी त्याला काहीतरी समजावण्याचा प्रयत्न केला, मुलीला शिक्षा झाली ती चूकच, पण असा कायदा हातात घेऊन कसं चालेल, असं काहीतरी. तो बाईंकडे न बघता माझ्याकडे बघत होता.

"माज्या चेडवाक मारूचा तर मी मारीन," तो म्हणाला. "तू कोण मारणारो?"

त्या वेळी माझ्या तोंडात रक्त आणि मोडलेला दात होता. या वाक्याचा अर्थ मला नंतर कळला.

पोलीस आले, आम्हा दोघांना चौकीवर नेलं. तिथून मला दवाखान्यात. मी तक्रार दिली नाही, आणि गावात काही लोक त्याला माझा मोठेपणा समजले. मोठेपणा वगैरे काही नव्हतं. बाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की तुम्ही तक्रार दिलीत तर तेही देतील, आणि मुलाला मारल्याची तक्रार झाली की नोकरी जाईल. तेव्हा चौकीतल्या बाकावर बसून आम्ही दोघांनी एका कागदावर सह्या केल्या की आमची एकमेकांविरुद्ध काही तक्रार नाही. त्याची सही वळणदार होती. त्या कागदात मुलीविषयी एक ओळ नव्हती.

संस्थेने मला दीड महिना रजेवर जायला सांगितलं. मुलीला तिची आई म्हापशाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पडद्याला भोक पडलं होतं. पाणी जाऊ द्यायचं नाही, दोनतीन महिने वाट बघायची, भरून आलं तर आलं. हे मला शाळेच्या शिपायाकडून कळलं.

नाकाला प्लास्टर लावून मी घरी बसून होतो. चारपाच दिवसांनी एका दुपारी मी जेवत असताना बायकोने विचारलं, "तिची उत्तरं बरोबर होती की चूक?"

"चार बरोबर होती," मी म्हणालो.

ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. त्यानंतर माझ्या रजेचे उरलेले दिवस आम्ही एकाच घरात दोन भाडेकरूंसारखे राहिलो.

रजा संपायला एक आठवडा उरला तेव्हा, एका रविवारी सकाळी, मी त्या गॅरेजकडे गेलो. माफी मागायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. शाळेत परत जायच्या आधी प्रकरण मिटावं हेही होतंच. गॅरेजच्या आवारात खाणीचे दोन जुने ट्रक गंजत उभे होते, त्यांच्या टपावर गवत उगवलं होतं. पुढे खडी वाहणारा एक टिपर जॅकवर चढवलेला. पेडण्याच्या बाजूचं बांधकाम वाढल्यापासून तिच्या बापाला ही कामं मिळायची. तो टिपरच्या खाली पाठीवर पडला होता, नुसते पाय बाहेर. मुलगी चाकाशी उकिडवी बसली होती. तिच्यापुढे पत्र्याचं तबक, त्यात नट आवळायचे पाने ओळीने लावलेले.

मला तिने बघितलं नाही. खालून आवाज आला, "पाच सूत." तिने न बघता तबकातला एक पाना उचलून आत दिला. मग, "अर्धो इंच." तिने तो घेऊन दुसरा दिला. माझी नजर वर गेली. पत्र्याच्या भिंतीवर ठोकलेला एक जुना छापील तक्ता होता, कुठल्यातरी नटबोल्ट विकणाऱ्याने दिलेला, तेलाच्या बोटांनी काळा पडलेला. डाव्या रकान्यात इंचाचे अपूर्णांक, उजव्या रकान्यात तेच दशांशात. एक छेद आठ, शून्य पूर्णांक एकशे पंचवीस. तीन छेद आठ, तीनशे पंचाहत्तर. पाच छेद आठ. सात छेद आठ. गॅरेजात आणि सुताराकडे इंचाच्या आठव्या भागाला सूत म्हणतात, हे मला माहीत होतं. माझा चुलता सुतार होता. तीन सूत म्हणजे तीन छेद आठ. ती मुलगी लहानपणापासून हे हाताने उचलत होती आणि त्याचा दशांश भिंतीवर वाचत होती. तिला पायऱ्या कशाला लागणार होत्या? मी तक्त्यावर चार शतांश शोधलं. नव्हतं. त्या मापाचा पाना नसतो.

मी तिथेच उभा राहिलो. मी परत फिरणार होतो.

तेवढ्यात खालून आवाज आला, "तीन सूत दी." टिपर तिच्या डाव्या अंगाला होता. रस्त्यावरून एक बस गेली. तिने मान वळवली नाही. तो पुन्हा म्हणाला. तिने अंदाजाने एक पाना उचलून आत सरकवला. तो चुकीचा होता. तोच पाना आतून भिरकावला गेला आणि तिच्या नडगीवर लागला. ती कळवळून मागे पडली. तो सरपटत बाहेर आला.

"कान फुटले तुजे?" तो म्हणाला आणि त्याने तिच्या डोक्यात मूठ हाणली.

ती मूठ सरावाची होती. आणि तीही सरावाने खाली वाकली होती, दोन्ही हात कापसाच्या बोळ्यावर धरून. तेव्हा मला वर्गातलं त्याचं ते "मी मारीन" कळलं. त्याने दुसऱ्यांदा हात उगारला तसा मी मध्ये गेलो. मी त्याला म्हणालो की तिला त्या कानाने ऐकू येत नाही, मारू नका. त्याने मला ओळखलं आणि त्याचा चेहरा पालटला. माज्या घरात माका शिकवतलंस, असं काहीतरी तो बोलला आणि त्याने माझ्या नाकावर ठोसा मारला, नुकत्याच जुळू लागलेल्या हाडावर.

मी मारामारी करणारा माणूस नाही असं मी आयुष्यभर समजत होतो. माझ्या हाताला जॅकचा लोखंडी दांडा लागला आणि मी तो दोन्ही हातांनी धरून त्याच्या खांद्यावर मारला. मग दंडावर. त्याने माझा गळा पकडला. आम्ही दोघे त्या काळ्या तेलाच्या चिखलात लोळलो, एकमेकांच्या डोळ्यांत बोटं घालत. मला त्याला ठार मारायचं होतं. त्यालाही तेच हवं असणार. तेवढ्यात माझ्या कपाळावर काहीतरी जड येऊन आदळलं.

पाना होता. दुसरा त्याच्या तोंडावर बसला, ओठ फाटला. मुलगी तबक पुढे घेऊन उभी होती आणि एकेक पाना उचलून आमच्यावर फेकत होती, दोघांवरही, सगळ्या ताकदीने. एक माझ्या बरगडीत लागला. एक त्याच्या गुडघ्यावर. काही रस्त्यावर गेले, एक ट्रकच्या काचेवर. तबक रिकामं झालं तसं तिने तेही भिरकावलं.

"माका ऐकाक येना नाय," ती ओरडली. "कोणाचाच ऐकाक येना नाय. दोघांव मरा."

तिची आई मागच्या घरातून धावत आली. तिने आमच्याकडे बघितलं, मुलीचा हात धरला आणि तिला आत नेलं. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. तो उठून दारापाशी गेला, दोनदा दार वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवायला त्याने हात उचलला आणि तसाच खाली सोडला.

आम्ही दोघे एका जुन्या टायरवर बसलो. दुसरीकडे बसायला जागा नव्हती. त्याच्या हनुवटीवरून रक्त टपकत होतं, माझ्या डोळ्यात माझंच रक्त उतरत होतं. बाहीने हनुवटी पुसत त्याने विचारलं की तिला खरंच ऐकू येत नाही का. मी म्हणालो डॉक्टरांनी तसं सांगितलं असणार. म्हापशाला तो गेला नव्हता. बायकोने घरी येऊन काय सांगितलं ते त्याने विचारलं नव्हतं.

"माका कोणी सांगूक नाय," तो म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, "मी विचारूक नाय."

मी त्याला तीनही मार सांगितले. थप्पड, मग पट्टीचे दोन, आणि ती पट्टी मोडल्याचंही. असं पूर्ण मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. तिची चार उत्तरं बरोबर होती आणि ती त्या तक्त्यावरची होती, हेही सांगितलं. त्याने मान वळवून तक्त्याकडे बघितलं. आपण तो तक्ता लावला तेव्हा ती रांगत होती, असं तो म्हणाला. मग तो उठला आणि रस्त्यावर, गवतात पडलेले पाने गोळा करायला लागला. मीही वाकलो. दोघांनी मिळून ते शोधले. एक सापडला नाही.

आठवड्याभराने तिची आई तिला घेऊन माहेरी गेली, पेडणे तालुक्यातल्या एका गावात. जाताना आई शाळेत दाखला न्यायला आली होती. मी त्या दिवशीच रुजू झालो होतो. मी तिला व्हरांड्यात गाठलं आणि माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. ती माझ्या वयाचीच असेल, पण मला तिच्यापुढे उभं राहताना लहानपणीसारखं वाटलं.

"माफी घेवन मी काय करू, सर?" ती म्हणाली. "थंयच्या शाळेत सांगा, तेका पुढल्या बाकार बसवा म्हणून."

त्या शनिवारी मी शाळा सुटल्यावर बस धरून तिकडे गेलो. तिथल्या पाचवीच्या शिक्षिका नव्याच लागलेल्या, पंचविशीतल्या होत्या. मी त्यांना सांगितलं की ही मुलगी डाव्या कानाने ऐकत नाही, तिला पुढच्या बाकावर, डाव्या भिंतीला लागून बसवा, म्हणजे उजवा कान वर्गाकडे राहील. बोलताना आधी तिचं लक्ष वेधून घ्या. उत्तर दिलं नाही तर ऐकलं नसेल असं धरा. आणि ती गणितात पायऱ्या न मांडता उत्तर लिहील, तेव्हा कसं आलं ते तिला विचारा, तिच्याकडे कारण असतं. त्या सगळं एका वहीत लिहून घेत होत्या. मग त्यांनी विचारलं की कान जन्मापासून असा आहे की आजाराने.

"मी मारलं," मी म्हणालो.

त्यांचं पेन थांबलं. त्यांनी मला बसायला सांगितलं होतं, चहा मागवला होता. चहा आला तो माझ्यापुढे निवत राहिला. मी उठून नमस्कार केला तेव्हा त्यांनी वहीतून मान वर केली नाही.

कानाचा पडदा पूर्ण भरून आला नाही. तिला त्या बाजूने थोडं कमीच ऐकू येतं, आणि आता ते तसंच राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. तिचे वडील वर्षभर दर रविवारी पेडण्याला जात राहिले. पहिले काही महिने त्यांना अंगणातच बसावं लागलं, मुलगी बाहेर यायची नाही. हे त्यांनीच मला बाजारात भेटले तेव्हा सांगितलं. पुढे मायलेकी परत आल्या. आता ती नववीला आहे, डिचोलीच्या हायस्कुलात. घरी वडील हात उचलतात की नाही, हे मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि विचारायचा मला हक्क आहे असंही वाटत नाही. आईने मात्र परत येताना अट घातली होती म्हणतात की पुन्हा एकदा झालं तर कडी कायमची लागेल.

मी पट्टी वापरत नाही. पण हाताची सवय गेली असं मी म्हणणार नाही. परवाच एका मुलाने तिसऱ्यांदा तेच चुकीचं उत्तर सांगितलं, तेव्हा माझा उजवा हात टेबलावरून वर आला आणि पहिल्या बाकावरच्या दोन मुलींनी डोळे मिटले. मी तो हात खिशात घातला. तास संपेपर्यंत तो तिथेच होता, मूठ वळलेला, आणि मी डाव्या हाताने फळ्यावर वाकडं-तिकडं लिहीत राहिलो.